ढोफारच्या डोंगरांत, लिपीवाचून टिकलेल्या भाषांच्या मुलखात

ओमानच्या दक्षिण टोकाला ढोफार प्रांत आहे. तिथल्या डोंगरांत, किनाऱ्यावर आणि मागच्या वाळवंटात अरबीहून अगदी वेगळ्या भाषा बोलल्या जातात. अभ्यासक त्यांना आधुनिक दक्षिण अरबी भाषा म्हणतात आणि त्या एकूण सहा आहेत : मेहरी, शेहरेत (हिलाच बाहेरचे लोक जिब्बाली म्हणतात), सोकोत्री, हरसूसी, होब्योत आणि बतहरी. सोकोत्री येमेनच्या सोकोत्रा बेटावर बोलतात, बाकीच्या ओमानात, आणि त्यांतल्या मेहरी आणि होब्योत सीमेपलीकडे येमेनमध्येही. नावात 'अरबी' असलं तरी या अरबीच्या बोली नव्हेत. अरबी आणि हिब्रूसारख्याच त्या सेमिटिक घराण्यातल्या, पण त्यांची शाखा निराळी. नुसतं अरबी येणाऱ्याला त्यातलं बोलणं समजत नाही.

या भाषांबद्दल मी बरीच वर्षं वाचत होते. मस्कतला राहणाऱ्या मामेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, सप्टेंबरअखेरीस सुट्टी काढली आणि आम्ही निघालो.

गुरुवार : सलाला

मस्कत ते सलाला रस्त्याने सुमारे हजार किलोमीटर, विमानाने दीडेक तास. आम्ही जाताना विमानाने गेलो आणि सलाल्यात गाडी भाड्याने घेतली.

विमान उतरू लागलं तसा खाली हिरवा डोंगर दिसला आणि अरबस्तानात आहोत यावर विश्वास बसेना. आपल्याकडे कोसळणारा नैऋत्य मोसमी पाऊसच इथे बारीक झिमझिम आणि धुकं होऊन डोंगराला चिकटतो. साधारण २१ जून ते २१ सप्टेंबर असे ते तीन महिने. त्यांना खरीफ म्हणतात, आणि आपला खरीप तो हाच. खरीफ सरला की 'सर्ब' लागतो. धुकं निवळलेलं, ऊन कोवळं, गवत गुडघाभर, गुरं दुधाला आलेली. इथले जुने लोक वर्षातला हाच काळ सर्वांत सुखाचा मानतात.

संध्याकाळी समुद्राजवळच्या रस्त्यावर शहाळ्यांच्या टपऱ्यांची रांग लागली होती. केळीचे घड टांगलेले, पपया रचलेल्या, मागे माडांच्या बागा. टपरीवाला केरळचा. शेजारी गाडीत दोन तरुण शहाळी पीत बसले होते. एकजण फोनवर अरबीत बोलत होता तोवर दादा सहज ऐकत होता. फोन ठेवून ते एकमेकांशी बोलू लागले आणि दादा थबकला.

"हे बघ, आता मला एक अक्षर कळत नाहीये," तो म्हणाला.

मी ऐकत राहिले. घशातून येणारे, मध्येच टिचकीसारखे तुटणारे व्यंजन, आणि त्यांच्यामधून वारंवार येणारा एक ओलसर सळसळता आवाज. तो 'श' नव्हता, 'स' नव्हता आणि 'ल'ही नव्हता.

रात्री मदबी खाल्लं. निखाऱ्यांवर गोटे तापवून त्यांवर मांसाचे तुकडे भाजतात. मसाला जवळजवळ नाहीच, मीठ आणि धूर एवढंच. सोबत भात आणि तिखट टोमॅटोची चटणी. उंटाचं मांस मागितलंत तर चावायला वेळ ठेवा.

*जाणाऱ्यांसाठी :* जुलै-ऑगस्टमध्ये आखाती देशांतले पर्यटक सलाल्यात गर्दी करतात, खोल्यांचे भाव चढतात आणि डोंगररस्त्यावर धुक्यात पुढची गाडी दिसत नाही. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ उत्तम. हिरवाई असते, धुकं नसतं आणि स्थानिक माणसांना बोलायला सवड असते. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी बघून घ्या.

शुक्रवार : ताका

ताका हे सलाल्याच्या पूर्वेचं किनाऱ्यावरचं गाव. दादाच्या एका सहकाऱ्यामुळे तिथल्या एका निवृत्त शिक्षकांशी ओळख झाली होती. नाव छापू नये असं त्यांनी सांगितलं, म्हणून मी त्यांना मास्तरच म्हणेन. जुम्म्याचा नमाज आटोपल्यावर जेवायला या, असा निरोप होता.

मोठ्या ताटात भात आणि त्यावर मटण, आधी खजूर, नंतर वेलचीची कॉफी. दादा पुरुषांच्या बैठकीत, मी आत बायकांत. जेवण झाल्यावर मास्तरांनी सगळ्यांना अंगणाकडच्या खोलीत बोलावलं आणि मला "उख्ती" म्हणजे बहिणी अशी हाक मारून विचारलं, "काय ऐकायचंय तुम्हांला?"

मी कालच्या आवाजाबद्दल विचारलं. ते खुशीत हसले. त्यांनी दादाचा तळवा आपल्या उजव्या गालाजवळ धरला आणि एक शब्द उच्चारला. मग त्यांच्या बायकोने माझा हात ओढून तसाच आपल्या उजव्या गालाशी नेला आणि तोच शब्द म्हटला. ऊबदार हवेचा झोत नेमका तळव्यावर लागला. ओठांसमोर काहीच नाही. जिभेचं टोक वर टेकलेलं राहतं आणि हवा जिभेच्या एका बाजूने, गालाकडून निसटते. मी करून पाहिलं तेव्हा त्यांच्या नातींनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. पाचव्या-सहाव्या वेळी आजीबाईंनी मान डोलावली.

हा आवाज फार जुना आहे. मूळ सेमिटिक भाषेत तो होता असं अभ्यासक मानतात. अरबीत आणि हिब्रूत तो दुसऱ्या आवाजांत मिसळून गेला, या डोंगरांत मात्र तो रोजच्या बोलण्यात राहिला. आठव्या शतकातला व्याकरणकार सीबवैही याने अरबीच्या 'दाद' या अक्षराचं जे वर्णन केलंय तेही जिभेच्या कडेवरून निघणाऱ्या आवाजाचं आहे. म्हणजे ज्या अक्षरावरून अरबीला 'दादची भाषा' म्हणतात, त्याचा जुना उच्चार समजून घ्यायला या डोंगरी भाषांकडेच यावं लागतं.

मग मास्तरांनी फोन उघडला. त्यात विषयवार खणच केलेले : दूध काढणं, घर शाकारणं, पाऊस, मध, प्रसूती, भांडणं मिटवणं. प्रत्येक खणात नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे आवाज. काही ठिकाणी वारा, काही ठिकाणी गाई हंबरताहेत. मी म्हटलं, शांत खोलीत बसवून का नाही करत? ते म्हणाले, "खोलीत बसवलं की माणूस पाहुण्यासारखा बोलतो. गाईच्या कासेशी बसला की आपल्या बापासारखा बोलतो."

त्यांची पद्धत मी नीट विचारून घेतली. आधी माणसाला काम करू द्यायचं आणि करता करता बोलू द्यायचं. मग दुसऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासोबत बसून तेच वाक्य-वाक्य थांबवत ऐकायचं, त्याच्याकडून सावकाश म्हणवून घ्यायचं आणि लिहायचं. लिहायचं अरबी लिपीत, पण अरबीत नसलेल्या आवाजांसाठी नव्या खुणा लावलेल्या अक्षरांनी. शेवटी अरबी भाषांतर. मिनिटभराच्या बोलण्याला कधी तास लागतो.

ती वाढीव अक्षरं ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठाच्या प्रकल्पातून पुढे आली. प्राध्यापक जॅनेट वॉटसन यांच्या नेतृत्वाखाली २०१३ पासून काही वर्षं तो चालला, लीव्हरह्यूम ट्रस्टचं पाठबळ होतं. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ध्वनिमुद्रणं करण्यात स्थानिक लोक बरोबरीने होते. रेकॉर्डर त्यांच्या हाती, काय टिपायचं हेही बरंचसं त्यांनीच ठरवलेलं. ती अक्षरं आता लोक व्हॉट्सॲपवर वापरतात. मास्तरांनी मला त्यांच्या भावकीचा गट दाखवला. लग्नाचं निमंत्रण, हरवलेल्या उंटाची चौकशी, कुणाच्या तब्येतीची विचारपूस, सगळं शेहरेतमध्ये. ज्या भाषेत त्यांच्या आजोबांनी एक ओळ लिहिली नव्हती, तिच्यात नात आजीला "जेवलीस का" असं लिहून विचारते. हे पाहून मला फार आनंद झाला.

मास्तर लहान होते तेव्हा अख्ख्या ओमानात सरकारी शाळा तीनच होत्या. १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले आणि शाळा, दवाखाने, रस्ते भराभर आले. काबूस यांची आई याच डोंगरातल्या जमातीची. तिची कबर ताक्यातच आहे. शाळा आली ती अरबीत. नोकरी, टीव्ही, कचेरी अरबीत. ढोफारचं युद्ध, म्हणजे इथल्या बंडखोरांचा सुलतानाशी चाललेला लढा, १९७६ मध्ये संपलं आणि डोंगरातली बरीच कुटुंबं खाली किनाऱ्याला वस्तीला आली. मास्तरांनी हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. शाळेने त्यांना आयुष्य दिलं, ते पुन्हा पुन्हा म्हणाले. पण त्यांच्या नातवंडांना शेहरेत समजते, बोलता येते, आणि तरी दुभत्या गाईबद्दल बोलायला लागली की ती अरबीवर जातात, कारण गाय त्यांनी पिळलेलीच नाही.

*जाणाऱ्यांसाठी :* कुणाचंही बोलणं मुद्रित करायचं तर आधी विचारा आणि ते कुठे जाणार हे सांगा. बायकांचे फोटो अजिबात काढू नका. आवाजालाही बऱ्याच घरांत नकार असतो, आणि तो एकदाच विचारून मानायचा. शुक्रवारी दुपारपर्यंत दुकानं बंद असतात.

शनिवार : डोंगरावर, मग मिरबात

सकाळी मास्तरांचा पुतण्या आम्हांला वर घेऊन गेला. वळणावळणाचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना झाडी. एका झाडापाशी मी गाडी थांबवायला लावली. पान, साल, फांद्यांची झुकण ओळखीची वाटली. तो ढोफारी धावडा होता, आपल्या सह्याद्रीतल्या धावड्याचा भाऊबंद. जगात फक्त याच धुकेरी डोंगरपट्ट्यात होतो. पुतण्याला त्याचं शेहरेत नाव माहीत होतं आणि त्याच्या पाल्याचा, सालीचा उपयोगही. इथल्या वनस्पतींची अशी स्थानिक नावं आणि उपयोग मिरांडा मॉरिस यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ अँथनी मिलर यांच्याबरोबर गोळा करून १९८८ मध्ये ग्रंथरूपाने आणले. मॉरिसबाई १९७० च्या दशकापासून या सगळ्या भाषांचं काम करत आल्या आहेत. डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या घरातल्या बाईसारख्या आठवतात, असं पुतण्या म्हणाला.

थोडं पुढे रस्ता अडला. उंट वर चढत होते. खरीफात डोंगर निसरडा होतो, उंटाचा पाय घसरून मोडतो, माश्याही छळतात, म्हणून ते तीन महिने उंट खाली मैदानात ठेवतात. सर्ब लागला की त्यांना वरच्या गवतावर नेतात. शेकड्यांनी उंट, त्यांच्या बाजूने काठ्या घेतलेले लोक, काही गाडीत, काही पायी, आणि सगळे मिळून लांब हेल काढत गात होते. एक टोक म्हणायचं, दुसरं उचलायचं. पुतण्या काच खाली करून त्यात सामील झाला. गाडीतून उतरून आम्ही कडेला उभे राहिलो. धूळ नव्हती, ओल्या गवताचा आणि उंटाच्या लोकरीचा वास होता. कितीतरी वेळ तो कळप जात राहिला.

एका घरी गाईचं दूध मिळालं. आजोबांनी माझ्यासाठी मुद्दाम जुन्या रीतीने तापवलं. विस्तवातून दोन गुळगुळीत गोटे चिमट्याने उचलले, राख झटकली आणि दुधाच्या भांड्यात सोडले. चर्र आवाज, वाफेचा लोट, कडेला करपलेल्या सायीचा तपकिरी थर. चव धुरकट, किंचित खारट. गोटे कसले हवेत, कुठल्या ओढ्यातले तडकतात, किती वेळ तापवायचे, हे सांगताना ते अरबीतून शेहरेतमध्ये कधी गेले त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पुतण्या मध्येच म्हणाला, "थांबा काका, हा शब्द मी ऐकला नव्हता," आणि त्याने फोन काढला. शब्द टिपायचे तर ते काम चालू असलेल्या जागी जावं लागतं, हे मी वाचलं होतं. इथे ते डोळ्यांसमोर घडलं. गोटे बाजूला पडले आणि गॅस आला की दगडांची ही सगळी परीक्षा बोलायला कारणच राहत नाही.

दिशा सांगण्याचंही तसंच. इथली जुनी माणसं 'समुद्राकडे', 'वाळवंटाकडे', 'ओढ्याच्या वरच्या अंगाला' अशाच दिशा सांगतात, आमच्या कोकणात 'वर घाटावर' आणि 'खाली बंदरावर' म्हणतात तशा. सलाल्यात वाढलेली मुलं सिग्नल आणि पंप सांगतात.

दुपारी तावी अतैरचं दोनशे मीटरहून खोल विवर वरून पाहिलं आणि सुमहुरमला उतरलो. खोर रोरीच्या खाडीवरचं हे धूपाचं प्राचीन बंदर, आता युनेस्कोच्या यादीत आहे. दगडी वेशीवर जुन्या दक्षिण अरबी लिपीतले शिलालेख आहेत. त्यांतली हद्रमौती भाषा आणि आजची मेहरी एका मोठ्या घराण्यातल्या आहेत, पण मायलेकी नव्हेत. हा गैरसमज फार पसरलेला आहे. याच जागी १९५० च्या दशकातल्या उत्खननात भारतीय घडणीची स्त्रीची काशाची छोटी मूर्ती सापडली होती. ऊन उतरेपर्यंत तिथे बसलो.

मुक्कामाला मिरबात. बाजारात एका दुकानाबाहेर वाळवलेल्या तारल्यांची पोती रचली होती. माणसांसाठी असतील असं वाटलं, पण ती गुरांसाठी होती. कोरड्या महिन्यांत ढोफारच्या गाईंना आणि उंटांना सुकी तारली चारतात. वास अर्थातच थेट रत्नागिरीचा.

रविवार : हासिक आणि पुढे

मिरबातलाच पेट्रोल भरून घ्या. पुढे पंप आहेत पण लांब लांब. पाणी गाडीत जास्तीचं ठेवा. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, कारण उंट रस्त्यावर बसलेले असतात आणि ते रंगाने रस्त्यासारखेच दिसतात.

हासिकपर्यंत हिरवाई संपत आली. हा किनारा सुफैला (ॲबलोन) नावाच्या शिंपलेवाल्या समुद्री गोगलगाईचा. थंडीच्या सुरुवातीला थोडेच दिवस ती काढायला सरकारी परवानगी असते आणि तेव्हा इथले लोक बुड्या मारतात. आम्हांला अर्थात ती मिळाली नाही. एका छोट्या खाणावळीत तळलेला सुरमईचा तुकडा आणि भात मिळाला, तो उत्तम होता.

हासिकच्या पुढे शुवैमियाकडे जाणारा रस्ता डोंगर कापून काढलेला आहे. एका बाजूला सरळ कडा, खाली निळा समुद्र, आणि दूर हल्लानियात बेटं. या किनाऱ्याची मोजणी 'पॅलिन्यूरस' नावाच्या जहाजाने केली होती. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातलं जहाज. १८३४ मध्ये त्यावरचा अधिकारी वेलस्टेड सोकोत्रावर उतरला आणि त्याने सोकोत्री शब्दांची यादी केली. १८४० च्या दशकात त्याच जहाजावर हेन्री जॉन कार्टर नावाचा शल्यविशारद होता. त्याने ढोफारच्या डोंगरी लोकांबद्दल आणि मेहरी बोलणाऱ्या महरा लोकांबद्दल लिहिलं, मेहरी शब्दांची यादी जोडली, आणि हे सगळं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. टाऊन हॉलच्या त्या पायऱ्या चढून ज्या ग्रंथालयात आपण जातो, तिथे या भाषांच्या सुरुवातीच्या छापील नोंदींपैकी एक पडून आहे. मला हा किनारा पाहायचा होता त्याचं एक कारण हेच होतं.

कार्टरनंतर १८९८-९९ मध्ये व्हिएन्नाहून मोहीम आली. बर्ट्रम टॉमस रिकामं वाळवंट, रुब अल खाली, ओलांडून गेला आणि १९३७ मध्ये त्याने इथल्या चार भाषांवर निबंध प्रसिद्ध केला. टी. एम. जॉनस्टन यांनी तीन शब्दकोश सिद्ध केले, हरसूसीचा १९७७ मध्ये, जिब्बालीचा १९८१ मध्ये. मेहरीचा १९८७ मध्ये छापून झाला तेव्हा ते हयात नव्हते. सगळ्यांत मागे पडली ती बतहरी, आणि ती शुवैमियात आहे.

सोमवार : शुवैमिया

पांढऱ्या वाळूची लांबलचक पुळण, मागे चुनखडीचे उंच कडे, मध्ये सपाट घरांचं गाव. मास्तरांनी इथल्या एका तरुणाला फोन करून ठेवला होता. तो माशांच्या लिलावात काम करतो आणि फावल्या वेळात आजोबांचं बोलणं मुद्रित करतो.

बतहरी अस्खलित बोलणारी माणसं विसाच्या आत उरली आहेत आणि ती सगळी वयस्क आहेत. युनेस्कोच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त आहे. ही मूळचीच लहान जमात, किनाऱ्यावर मासेमारी आणि थोडी शेरडं यांवर जगलेली. शेजारच्या अरबीभाषक जमातींशी रोजचा व्यवहार, सोयरिकी, आणि मग शाळा. घरातली भाषा अरबी झाली. मिरांडा मॉरिस यांनी १९७० च्या दशकात आणि पुन्हा अलीकडे बतहरीचं मुद्रण केलं, आणि फाबियो गास्पारिनी यांनी नेपल्सच्या विद्यापीठात २०१८ मध्ये तिच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला. एवढ्या मोजक्या माणसांच्या खांद्यावर एक भाषा कागदावर आली आहे.

आजोबा घराच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड ताणून धरलेली, हातात सुई. आम्ही बसलो, कॉफी आली. पहिला बराच वेळ ते अरबीतच बोलले, दादा मला सांगत होता. नातवाने रेकॉर्डर चटईवर ठेवला आणि म्हणाला, "जिद्दी (म्हणजे आजोबा), सुती जाळ्याचं सांगा."

आजोबांची सुई थांबली. नायलॉन येण्याआधी जाळं सुताचं होतं. रोज समुद्रावरून आलं की गोड्या पाण्यात नाही धुतलं तर कुजायचं, आणि गोडं पाणी तर प्यायलाच कमी. मग ते वाळवायचं कसं, कुठल्या वाऱ्यावर, रंगवायचं कशाने, बुडण्यासाठी दगड कसे बांधायचे. इथून पुढे ते बतहरीत बोलू लागले. दादाने सांगणं थांबवलं, नातूसुद्धा सगळं समजत नव्हता. तो मान हलवत होता आणि आजोबा हातांनी दाखवत होते. दगडाला दोरीचा फास कसा घालायचा ते दाखवायला त्यांनी अंगणातला एक दगड उचलला, दोरी दोनदा आडवी, एकदा उभी नेली, ओढली आणि दगड हवेत उचलून आमच्यासमोर झुलवला. मग त्या फासाचं नाव घेतलं. नातवाने ते म्हटलं, आजोबांनी दुरुस्त केलं, त्याने पुन्हा म्हटलं.

नंतर नातवाने फोनमधलं जुनं मुद्रण लावलं. त्याची आजी बोलत होती. तिला जाऊन काही वर्षं झाली. आजोबा लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच ते तिच्याशी वाद घालू लागले, असं नाही, आधी पाऊस पडला आणि मग शेरडं हलवली, तू उलटं सांगतेयस. घरातले सगळे हसले, तेही हसले. नातवाने त्यांची ही दुरुस्तीसुद्धा मुद्रित करून घेतली.

मी त्याला विचारलं, तू हे का करतोस? तो म्हणाला, आजोबा नसतील तेव्हा कुणाला विचारू? मला भाषा पुरती येत नाही, पण माझ्या मुलाने शिकायची म्हटली तर त्याला आवाज तरी मिळेल. मला यावर काही बोलता आलं नाही. लोक म्हणतात, मुद्रणाने भाषा जगत नाही. खरं आहे, पण त्या अंगणात पाहिलं की मुद्रणामुळे आजोबा आणि नातू रोज तासभर एकत्र बसतात आणि तेवढा वेळ बतहरी बोलली जाते. मुद्रणं बाहेरच्या संशोधकाने नेली, अर्काइव्हमध्ये ठेवली, एवढ्यावर हे काम संपत नाही.

संध्याकाळी वादी शुवैमियाच्या घळीत गेलो. उंच कड्यांतून झिरपणाऱ्या पाण्याने चुन्याचे झुंबर लोंबलेले आणि खाली खजुरी. वरती पाऊस असेल तर घळीत शिरू नका, पाणी अचानक येतं.

मंगळवार : हैमामार्गे मस्कत

परतताना शलीमवरून हैमाच्या दिशेला लागलो. दिवसभर सपाट, खडकाळ माळ. हा हरासीस जमातीचा प्रदेश आणि हरसूसी त्यांची भाषा. बोलणारे मोजक्या शेकड्यांत. १९७२ मध्ये इथला शेवटचा रानटी ओरिक्स, लांब शिंगांचा पांढरा हरणासारखा प्राणी, मारला गेला. मग १९८२ मध्ये परदेशांतल्या प्राणिसंग्रहालयांतून आणलेले ओरिक्स इथेच सोडले आणि त्यांची राखण हरासीस लोकांकडे दिली. १९९४ मध्ये त्यांचं अभयारण्य युनेस्कोच्या यादीत आलं, चोरट्या शिकारीमुळे आणि तेलासाठी क्षेत्र कापल्यामुळे २००७ मध्ये यादीतून काढलं गेलं. असं यादीतून निघालेलं ते जगातलं पहिलं स्थळ. हैमाच्या चहाच्या टपरीवर भेटलेला एक वनरक्षक म्हणाला की प्राण्याच्या पावलांबद्दल बोलताना आम्ही अजून हरसूसीच बोलतो, अरबीत तेवढे बारकावे आम्हांला येत नाहीत. त्याने करक चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

परत आल्यावर

या भाषा घरबसल्या ऐकायच्या असतील तर संकटग्रस्त भाषांचं अर्काइव्ह आहे, एलार नावाचं. पूर्वी ते लंडनला होतं, २०२१ पासून बर्लिनला आहे. नोंदणी फुकट आहे. सगळी मुद्रणं सर्वांना खुली नाहीत, काहींना परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. नवख्याने दूध काढण्याची किंवा मासेमारीची मुद्रणं आधी ऐकावीत. काम माहीत असलं की आवाजांत वाट सापडते.

आल्यावर मी एशियाटिकमध्ये जाऊन कार्टरच्या लेखाची नक्कल मिळवली आणि ताक्याला पाठवली. मास्तरांनी ती पुतण्याकडून वाचून घेतली, मग एका मेहरीभाषक मित्राला बोलावून एकेक शब्द तपासला. त्यांचा लांबलचक आवाजी निरोप आला. बरेच शब्द ओळखता येतात. काही ठिकाणी लिहिणाऱ्याला गालाकडचा आवाज ऐकू आलेला दिसत नाही, त्याने जवळचं अक्षर घातलंय. दोन शब्दांवर त्यांचं आणि मित्राचं एकमत झालं नाही, म्हणून येमेनच्या सीमेवरच्या हौफ भागातल्या कुणाला तरी विचारायचं ठरलंय. शेवटी ते म्हणाले, ही यादी महरांची आहे, त्याने आमच्या डोंगराबद्दलही लिहिलंय म्हणालात ना, ती पानं कधी पाठवताय?